गाऱ्हाण्याला कान, स्तुतीला नर्मदा : अहिल्याबाईंचा दरबार

१/ अहिल्याबाई होळकरांचे नाव घेताच घाट, मंदिरे आणि बारवा डोळ्यांपुढे येतात. पण सुमारे २८ वर्षे त्यांनी राज्य चालवले कसे? या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या दिनक्रमात सापडते. आजचा धागा त्यांच्या ऐकण्याविषयी.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म १७२५, चौंडी. आमच्या शिरूर कासारहून पाटोदा ओलांडून जामखेड तालुक्यात शिरले की हे गाव फार दूर नाही. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव. तेव्हापासून १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे निधनापर्यंत, राज्यकारभार त्यांच्या हाती होता. फौजेची धुरा तुकोजी होळकरांकडे होती.

३/ या दरबाराचे सविस्तर वर्णन जॉन माल्कमने केले आहे. १८१८ नंतर माळव्याचा कारभार पाहणारा हा कंपनीचा अधिकारी. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ चा. बाईंची थोरवी ऐकून त्याने सर्व थरांतील लोकांकडे चौकशी केली. त्या थोरवीला उणेपणा आणणारे काहीही हाती लागले नाही, असे तो नोंदवतो. वृद्धांच्या आठवणी काळानुसार गोड होतात, हे लक्षात ठेवून ही साक्ष वाचावी. मात्र होळकरांचा पराभव करणाऱ्या पक्षाच्या माणसाला ही स्तुती लिहिण्यात फारसा स्वार्थ नव्हता, हेही विसरू नये.

४/ माल्कम दिनक्रम देतो तो असा. सूर्योदयापूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन. दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सायंकाळी सहापर्यंत. मग उपासना आणि साधा आहार. रात्री नऊ ते अकरा पुन्हा कामकाज. म्हणजे राज्याच्या कामाला रोज सुमारे सहा तास, आणि तेही ठरलेल्या वेळी.

५/ दरबार खुला असे. बाई पडदा पाळत नसत. अनेक खटले त्या पंचायतीकडे किंवा कारभाऱ्यांकडे सोपवीत, पण दाद मागायला आलेल्याचे गाऱ्हाणे स्वतः ऐकत. प्रकरण कितीही क्षुल्लक असले तरी चौकशीचा त्यांना कंटाळा नसे. काम वाटून दिले, तरी शेवटचे दार त्यांनी बंद केले नाही.

६/ आता एक प्रकरण. इंदूरचा एक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ जवळच होता. काही हितसंबंधी लोकांच्या चिथावणीने त्यांनी त्या संपत्तीत वाटा मागितला. विधवेने थेट महेश्वर गाठले. बाईंनी तिचे ऐकले, वस्त्रे देऊन तिला घराची व मालमत्तेची एकमेव धनीण ठरवले आणि तुकोजींना हुकूम धाडला : तळ इंदूरपासून हलवा, माझ्या शहराला अन्यायाने छळू नका.

७/ इथे क्षणभर थांबावे. तक्रार राज्याच्या सेनापतीविरुद्ध होती. ती अधिकाऱ्यांच्या साखळीतून वर गेली असती, तर वाटेतच विरली असती. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचा वचक त्या साखळीतल्या प्रत्येकावर होता. खुला दरबार ही राज्यकर्त्याची दयाबुद्धी तर होतीच, पण हाताखालच्यांनी दडवलेली बातमी मिळण्याची वाटही तीच होती.

८/ ऐकणे म्हणजे मवाळपणा, असा अर्थ कुणी काढू नये. वाटा लुटणाऱ्या भिल्लांच्या बाबतीत त्यांनी सामोपचारही केला आणि काहींना देहदंडही दिला. मात्र डोंगरातून जाणाऱ्या मालावर अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला आणि त्या बदल्यात त्यांच्या हद्दीतील चोरीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. समोरच्याचा दावा नीट समजून घेतल्याशिवाय अशी तडजोड घडत नाही.

९/ आणि एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकूनही नाकारली. एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एक दुबळी, पापी स्त्री असून एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे म्हटले आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. ग्रंथकाराची पुढे दखलही घेतली नाही. ज्या दरबारात स्तुतीला मोल मिळते, तिथे गाऱ्हाणे घेऊन येणारा हळूहळू दारातूनच परततो.

१०/ आजही आपल्याकडे लोकशाही दिनाची तरतूद आहे : महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला, तिसऱ्या सोमवारी तालुक्याला. दुष्काळ आणि ऊसतोडीच्या स्थलांतराने पिचलेल्या आमच्यासारख्या तालुक्यात त्या सोमवारचे मोल मोठे आहे. पण तरतूद कागदावर असणे आणि अर्ज घेऊन आलेल्या बाईचे म्हणणे कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेणे, यांत अंतर आहे. महेश्वरच्या दरबाराची खरी ओळख त्या अंतरातच पटते.

११/ दरवर्षी ३१ मे रोजी जयंती होते. हार, मिरवणुका, भाषणे. ती अवश्य व्हावीत. फक्त व्यासपीठावरच्या प्रत्येकाला एवढे विचारावे : गेल्या महिन्यात तुम्ही किती तास, कुणाचे, आणि कुणाविरुद्धचे गाऱ्हाणे ऐकले?