नवख्याचे हसू

१८६१मध्ये सॅम्युएल क्लेमेन्स भावाबरोबर टपालगाडीने नेवाडाला निघाला. माणशी २५ पौंडच सामान न्यायची मुभा. तरी सोबत ६ पौंडांचा शब्दकोश! कार्सन सिटीत हौसेने घोडा घेतला. घोड्याने त्याला आभाळ दाखवले. ही फजिती त्याने मार्क ट्वेन या नावाने ‘रफिंग इट’मध्ये (१८७२) रंगवली.

इतिहासाचे साधन म्हणून हे पुस्तक वाचताना मी एका ठिकाणी अडखळतो. स्वतःवर हसणारा हा नवखा गोशूट आदिवासींच्या दैन्याचीही थट्टा करतो. त्यांच्याच वाळवंटातले झरे टपालगाडीच्या ठाण्यांनी बळकावले होते, हे तो सांगत नाही. सरहद्दीचा इतिहास मला तिथे, हसू थांबते त्या पानावर सापडतो.