कायदा, शास्त्रार्थ आणि आश्रय : विधवा-पुनर्विवाहाच्या चळवळीतून दिसणारी समाजपरिवर्तनाची प्रक्रिया

प्रस्तावना

समाजपरिवर्तन ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे, हे विधान सर्वमान्य आहे. परंतु लोकांचे प्रत्यक्ष वर्तन कशामुळे बदलते, या प्रश्नावर मतभेद आहेत. कायदा बदलला की आचरण बदलते, असे एक मत आहे. प्रबोधनाने विचार बदलतात व विचारांमागून आचार येतो, असे दुसरे मत आहे. ही दोन्ही मते तपासून पाहण्यासाठी महाराष्ट्रातील विधवा-पुनर्विवाहाची चळवळ हे उपयुक्त उदाहरण ठरते. या प्रश्नावर कायदा १८५६ मध्ये झाला, वैचारिक वाद १८७० मध्ये शिगेला पोहोचला, आणि तरीही विधवांच्या जीवनात टिकाऊ स्वरूपाचा बदल दिसू लागण्यास शतकाची अखेर उजाडावी लागली. मधल्या या अंतराचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रश्नाचे सामाजिक स्वरूप

पुनर्विवाहबंदी ही सर्व हिंदू समाजाची रूढी नव्हती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्रातील बहुसंख्य शेतकरी व कारागीर जातींत 'पाट' किंवा 'मोहतूर' या नावाने विधवेचा दुसरा संबंध रूढ होता. त्याला पहिल्या लग्नाइतकी प्रतिष्ठा नव्हती, पण मान्यता होती. बंदीचा जाच मुख्यतः ब्राह्मण व अन्य उच्चवर्णीय जातींना, तसेच त्यांचे अनुकरण करून प्रतिष्ठा मिळवू पाहणाऱ्या घराण्यांना होता. बालविवाहाच्या प्रथेमुळे अनेक मुली संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच विधवा होत. केशवपन, आलवण, एकभुक्त राहणे आणि मंगलकार्यातून वर्ज्य होणे हे त्यांचे प्राक्तन समजले जाई. घरातील कामाचा मोठा भार मात्र त्यांच्यावरच असे.

कायदा आणि त्याच्या मर्यादा

ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांतून जुलै १८५६ मध्ये हिंदू विधवा पुनर्विवाहाचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कलकत्त्यात या कायद्यानुसार पहिला विवाह पार पडला. कायद्याने असा विवाह वैध ठरविला आणि त्यातून होणाऱ्या संततीला औरसपणा दिला. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात येत असे. एका हाताने दिलेले स्वातंत्र्य असे दुसऱ्या हाताने महाग करण्यात आले.

या कलमाचा आणखी एक परिणाम झाला. ज्या जातींत पाटाची चाल होती, त्या जातींतील स्त्रियांनाही हे कलम लागू होते काय, असा प्रश्न न्यायालयांपुढे आला. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने ते लागू होत नाही असे मानले, तर मुंबईच्या उच्च न्यायालयाने ते लागू होते असा अर्थ लावला. ज्यांना परवानगीची गरजच नव्हती, त्यांच्यावरही परवानगीसोबतची अट अशा रीतीने येऊन पडली. उदार हेतूने केलेला कायदा समाजाच्या सर्व थरांत सारखाच परिणाम करतो, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

कायद्याची खरी मर्यादा मात्र वेगळीच होती. कायदा विवाह वैध ठरवू शकत होता. पण लग्न लावायला भटजी मिळवून देणे, पंक्तीला शेजारी बसविणे, धाकट्या बहिणीची सोयरीक जमविणे या गोष्टी त्याच्या कक्षेबाहेरच्या होत्या. त्या जातीच्या हाती होत्या.

शास्त्रार्थ आणि बहिष्कार

महाराष्ट्रात या विषयाला चालना दिली ती विष्णुशास्त्री पंडित यांनी. विद्यासागरांच्या ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले, 'इंदुप्रकाश'मधून लेखन केले आणि पुनर्विवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. जून १८६९ मध्ये या मंडळींच्या पुढाकाराने मुंबईत एक पुनर्विवाह घडून आला. त्याचे पडसाद तत्काळ उमटले आणि विवाहात पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. वादाचा निर्णय शास्त्राधारे व्हावा म्हणून १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही पक्षांच्या पंडितांची सभा भरली. वाद अनेक दिवस चालला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला.

शास्त्राच्या आधाराने रूढी बदलता येईल, ही सुधारकांची श्रद्धा होती. समजा, त्या सभेत सुधारक जिंकले असते, तर पुनर्विवाह सर्रास होऊ लागले असते काय? तसे मानण्यास आधार दिसत नाही. कारण अडचण केवळ मतांची नव्हती. खासगीत सुधारणेला अनुकूल असलेली माणसे त्या काळात कमी नव्हती. त्यांच्यापैकी प्रत्येकजण एकटा सापडत होता, ही खरी अडचण होती. बहिष्काराचा घाव केवळ कर्त्या पुरुषावर पडत नसे; वृद्ध आई, भावाचे कुटुंब, लग्नाच्या वयाच्या बहिणी यांच्यावरही तो पडे. रोटी-बेटी व्यवहार बंद झाला की कुटुंबाचे भवितव्यच थांबे.

न्यायमूर्ती रानडे यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८७३ मध्ये प्रथम पत्नीच्या निधनानंतर, पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. समकालीनांनी त्यांच्यावर टीका केली व ती अस्थानी नव्हती. पुढे १८९० च्या पंचहौद मिशनमधील चहापान प्रकरणातही ग्रामण्य उद्भवले आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या काळातील एक अग्रगण्य विद्वान व न्यायाधीश जर या दडपणापुढे नमतो, तर हा प्रश्न व्यक्तीच्या धैर्याचा म्हणून निकालात काढता येत नाही. तो सामाजिक रचनेचा प्रश्न आहे. याउलट, विष्णुशास्त्री पंडितांनी १८७४ मध्ये स्वतः विधवेशी विवाह केला. परंतु अपवादात्मक धैर्यावर कोणतीही चळवळ फार काळ चालत नाही.

आश्रयाचा मार्ग

या दोन मार्गांहून वेगळा असा तिसरा मार्ग १८६३ मध्येच पुण्यात सुरू झाला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या-प्रतिबंधक गृह काढले. फसवणुकीला बळी पडलेल्या विधवेने येथे गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. १८८४ च्या टिपणात जोतीरावांनी तोवर पस्तीस विधवा या घरी आल्याचे नमूद केले आहे. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. येथे शास्त्राचा निर्णय विचारला गेला नाही आणि समाजाच्या अनुमतीची वाटही पाहिली गेली नाही. संकटात सापडलेल्या स्त्रीला जाण्यासाठी एक दार उघडे ठेवण्यात आले, एवढेच.

पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. १८९० मध्ये ते पुण्यास आले. विधवांना शिक्षण देणारी ही निवासी संस्था १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडली आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. संस्था उपयुक्त असणे पुरेसे नसते, तिच्यावर समाजाचा विश्वासही असावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये पुण्यात विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही त्याची झळ सोसावी लागली. तरी कर्वे टिकून राहिले. त्यांच्या धैर्याला यात मोठे स्थान आहेच. परंतु ते पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक होते, हेही विसरता येत नाही. त्यांची उपजीविका गावावर अवलंबून नव्हती. इंग्रजी शिक्षण, पगाराची नोकरी आणि शहरातील समानविचारी मित्रमंडळ यांनी बहिष्काराची धार बोथट केली होती. हीच परिस्थिती विष्णुशास्त्र्यांच्या पिढीत फार थोड्यांच्या वाट्याला आली होती.

'उत्तेजक' ते 'प्रतिबंधनिवारक'

कर्व्यांनी १८९३ च्या अखेरीस 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन केली. १८९५ मध्ये तिचे नाव बदलून 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी' असे करण्यात आले. हा बदल वरवरचा वाटला, तरी त्यात भूमिकेचे स्थित्यंतर आहे. लोकांना विवाहास प्रवृत्त करण्याऐवजी इच्छुकांच्या वाटेतील अडथळे दूर करणे, हे आता उद्दिष्ट ठरले.

पुढचे पाऊल त्याहून महत्त्वाचे होते. जून १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याजवळील हिंगणे येथे हलविण्यात आला. आश्रमाचे कार्य शिक्षणापुरते ठेवून त्यांनी ते पुनर्विवाहाच्या प्रचारापासून अलिप्त राखले. परिणामी पुनर्विवाहाला विरोध असणाऱ्या घरांनाही मुलगी आश्रमात पाठविणे शक्य झाले. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा होत्या. त्यांनी आश्रमासाठी गावोगाव आणि पुढे अमेरिकेपर्यंत जाऊन निधी जमविला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. शिक्षिका व परिचारिका या व्यवसायांत विधवा दिसू लागल्या. घरावर भार समजली जाणारी विधवा मिळवती झाली, तेव्हा तिच्याविषयीची घरातील भाषाही बदलू लागली. येथे विचारांमागून आचार आला असे म्हणण्यापेक्षा, आचारामागून विचार आला असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

या मार्गाची किंमत

तथापि या मार्गाचे उदात्तीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. समाजाचा विश्वास संपादन करण्यासाठी मूळ मागणी काही काळ मागे ठेवावी लागली. शिक्षिका होऊन एकाकी राहणाऱ्या विधवेला समाजाने मान दिला; पुन्हा संसार मांडू इच्छिणाऱ्या विधवेला तो सहजासहजी दिला नाही. या संस्थांचा लाभ प्रारंभी प्रामुख्याने ब्राह्मण कुटुंबांपुरता राहिला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकातून पुरुषी नीतिमत्तेच्या दुटप्पीपणावर जो थेट प्रश्न उपस्थित केला होता, त्याला आश्रमाच्या चौकटीत उत्तर नव्हते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कायदा, विचार आणि संस्था या तिन्ही घटकांचे कार्य वेगवेगळे आहे. कायदा नव्या वर्तनाला वैधता देतो, विचार त्याला समर्थन देतो. परंतु सामान्य माणूस ते वर्तन करू धजतो तो त्याची सामाजिक किंमत आवाक्यात आल्यावरच. ही किंमत कमी करण्याचे काम आश्रय, उपजीविका आणि सोबत यांनी केले.

१८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द करण्यात आला, कारण तोवर अन्य कायद्यांनी त्याचे प्रयोजन संपविले होते. विधवेच्या अवहेलनेच्या प्रथा मात्र संपल्या नव्हत्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने पतीच्या मृत्यूनंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य गावांनी त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. या ठरावाचे महत्त्व तो कोणी केला यात आहे. मुरूडमध्ये ज्या गावाने वाळीत टाकले, तशाच एका गावाने येथे एकत्र बसून मोकळीक दिली. ठरावाने प्रथा एका दिवसात जात नाही, हे १८५६ ने शिकविलेच आहे. परंतु पहिले पाऊल टाकणारी स्त्री एकटी पडणार नाही, एवढी हमी तिच्या शेजाऱ्यांनी दिली, तर दीडशे वर्षांपूर्वी शास्त्रार्थाच्या सभेत जे साधले नाही ते साधण्याची शक्यता निर्माण होते. आपल्या परिसरातील अशा ठरावांचे पुढे काय झाले, कोणत्या घरात ते पाळले गेले आणि कोणत्या घरात नाही, याची नोंद ठेवण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापक व विद्यार्थी यांना सहज करता येण्याजोगे आहे. परिवर्तनाचा पुढील इतिहास अशा नोंदींवरच लिहिला जाईल.