चौक कोणाचा? साथ, सोवळे आणि सार्वजनिक स्वच्छता : झाशीच्या निमित्ताने

झाशीतील इलाइट चौराहा हे नाव तौलनिक अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे असे आहे. ‘इलाइट’ म्हणजे अभिजन आणि ‘चौराहा’ म्हणजे चार वाटांची भेट. कोणीही यावे आणि कोणीही जावे, अशा जागेला मूठभरांचे विशेषण लागलेले आहे. मराठीत अशा जागेला आपण ‘चौक’ म्हणतो; परंतु वाड्याच्या आतल्या मोकळ्या अंगणालाही चौकच म्हणतो. आतला चौक घरचे माणूस रोज झाडते, सारवते. बाहेरचा चौक कोणी झाडावा? साथीच्या काळात हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा राहत नाही. त्या प्रश्नाचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

झाशीचे मराठीतील सर्वांत जिवंत चित्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये (प्रथम प्रकाशन 1907) आढळते. वरसईहून निघालेल्या या भिक्षुकाची दृष्टी स्नान, संध्या आणि सोवळे यांवर सतत खिळलेली असते. राणीच्या स्नानाचा तपशीलही ते रसपूर्वक देतात. 1858च्या लुटीनंतर मात्र याच लेखकाला रस्त्यांवरील प्रेते आणि त्यांची सामुदायिक दहने पाहावी लागतात. सोवळे देहाचे आणि घराचे असते. उंबरठ्याबाहेरच्या अरिष्टासाठी त्या परिभाषेत शब्दच नाही, असे या पानांवरून जाणवते.

पुढे 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा झाला, तेव्हा सरकारने ही उणीव सक्तीने भरून काढू पाहिली. पुण्यातील घरझडत्या आणि 22 जून 1897 रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्या हा इतिहास सुपरिचित आहे. येथे नोंदवायचे ते इतकेच की, त्या अनुभवाने सार्वजनिक आरोग्य ही गोष्ट मराठी मनात परकीय शिपायाच्या पावलांशी जोडली गेली.

1918च्या इन्फ्लुएन्झापुढे तर ती सक्तीही निरुपयोगी ठरली. 10 जून रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. 6 ऑक्टोबरला त्या एका शहरात एका दिवसात 768 माणसे मेली. मराठी खेड्यांनी या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. ती रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. मुंबईला दिल्लीशी जोडणाऱ्या मार्गावरचे झाशी हे मोठे जंक्शन होते. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू 1933पर्यंत ओळखला गेला नव्हता. गर्दी टाळा, उघड्यावर झोपा, गुळण्या करा, एवढाच सल्ला उपलब्ध होता. निराला यांनी ‘कुल्ली भाट’मध्ये (1939) डलमऊ येथील प्रेतांनी भरलेली गंगा आणि स्वतःच्या घराचा विध्वंस नोंदवला आहे. तेथे घरातला मृत्यू आणि नदीतला मृत्यू यांत भिंत उरत नाही.

सल्ला सर्वांना सारखा होता, मृत्यू मात्र सारखा नव्हता. मुंबईत तथाकथित खालच्या जातींच्या हिंदूंमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी 61.6 होते, अन्य हिंदूंमध्ये 18.9, तर युरोपियनांमध्ये 8.3. कोंदट चाळ, तुटपुंजे अन्न आणि अपुरे पाणी यांचा हा हिशेब आहे. म्हणूनच 20 मार्च 1927चा महाडचा सत्याग्रह सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही वाचला पाहिजे. पाण्यावर सर्वांचा हक्क नसेल, तर स्वच्छतेचा उपदेश पोकळ ठरतो. डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतल्यावर सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून चवदार तळे ‘शुद्ध’ केले. म्हणजे सोवळे राखण्यासाठी सर्वांच्या पिण्याच्या पाण्यात शेणगोमूत्र मिसळले गेले. शुद्धी आणि स्वच्छता या दोन कल्पना परस्परविरोधी होऊ शकतात, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

2020मध्ये हीच गाठ पुन्हा समोर आली. हिंदीत ‘दो गज दूरी, मास्क है जरूरी’ ही घोषणा झाली. महाराष्ट्रात सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. पहिली दोन देहांमधले अंतर मोजते, दुसरी जबाबदारी घराच्या चौकटीत बसवते. चौकाचे नाव दोहोंत नाही. एप्रिलमध्ये सार्वजनिक ठिकाणी थुंकणे केंद्राच्या आदेशाने दंडनीय झाले. म्हणजे चौक आठवला तो दंडाच्या भाषेत. ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग तर जातीच्या इतिहासाचे भान सोडूनच रूढ झाला. ‘शारीरिक अंतर’ हा अचूक पर्याय मागे पडला. त्याच मे महिन्यात महाराष्ट्रातून परतणारे श्रमिक झाशीजवळच्या रक्सा सीमेवर खोळंबले होते. ज्यांना कुटुंबापर्यंत पोहोचताच आले नव्हते, त्यांनी कुटुंबाची जबाबदारी कोठे पार पाडावी? आणि भर रस्त्यात हात धुण्यास पाणी कोठून आणावे?

साबण विषाणूचे स्निग्ध आवरण फोडतो. हात कोणाचा, हे तो विचारत नाही. पाण्याचा नळ मात्र कोणाच्या वाट्याला येतो, हे समाज ठरवतो. ‘सार्वजनिक’ हा शब्द मराठीने 1870च्या पुणे सार्वजनिक सभेत आणि जोतीराव फुले यांच्या सत्यधर्माच्या मांडणीत वेगवेगळ्या आशयाने घडवला. फुले यांनी 1868मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा आतला चौक बाहेरच्या चौकाला जोडला गेला होता. साथींच्या साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना शोकाच्या नोंदींइतकेच या जोडणीकडेही लक्ष दिले पाहिजे. इलाइट चौराह्यावर आज पाण्याचा नळ आणि साबण ठेवणे हे नगरपालनाचे काम आहे. तो चौक आपलाही आहे, असे म्हणता येईल अशी भाषा घडवणे हे साहित्याचे.