तारे किती दूर? सूर्यमाला वाशिमच्या वावरात मांडली तर…

रात्रीच्या आकाशात ग्रह आणि तारे सारखेच ठिपके दिसतात. त्यामुळे ते साधारण एकाच अंतरावर असावेत असे वाटते. प्रत्यक्षात सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून सूर्यापासून जितका लांब आहे, त्याच्या सुमारे ९,००० पट लांब सर्वांत जवळचा तारा आहे.

एका एकरात आठ ग्रह

पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे. हे अंतर १ मीटर मानले, तर सूर्य ९ मिलिमीटरचा, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढा होतो. वाशिमजवळच्या एक एकराच्या चौकोनी वावरात मधोमध हा हरभरा ठेवला, तर मांडणी अशी होईल:

- पृथ्वी : १ मीटरवर, धुळीच्या कणाएवढी
- गुरू : ५ मीटरवर, खसखशीच्या दाण्याएवढा
- शनी : साडेनऊ मीटरवर
- नेपच्यून : ३० मीटरवर, बांधाच्या थोडा अलीकडे

१९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान या मापाने सुमारे १७० मीटरवर पोहोचले आहे. मानवाने पाठवलेली कोणतीही वस्तू याहून दूर गेलेली नाही. नेपच्यूनच्या पलीकडेही सूर्याचा परिसर संपत नाही. धूमकेतूंचा विरळ मेघ या मापाने कित्येक किलोमीटर पसरलेला असावा, असे मानले जाते.

शेजारचा तारा अहिल्यानगरला

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. आपल्या मापाने हे अंतर २६८ किलोमीटर होते, म्हणजे वाशिमहून सरळ रेषेत जवळपास अहिल्यानगरपर्यंत. व्याध ५४४ किलोमीटरवर येतो. ध्रुवतारा सुमारे २७,००० किलोमीटरवर जातो, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्या परिघाहूनही दूर.

प्रकाशाला सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत सुमारे ४ तास लागतात आणि प्रॉक्झिमापर्यंत सव्वाचार वर्षे. व्हॉयेजरच्या वेगाने तेवढे अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील.

जुना अंदाज : साठ पट

या विषयात वाशिमचे नाव जुने आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ‘करणकुतूहल’ (इ.स. ११८३) या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरील ठिकाणांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्माचाही उल्लेख केला आहे.

त्या परंपरेतल्या ‘सूर्यसिद्धान्त’ या ग्रंथाने नक्षत्रांची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या साठ पट मानली. आपल्या मापाने तारे ६० मीटरवर, म्हणजे शेजारच्याच वावरात आले. त्या ग्रंथात पृथ्वी स्थिर होती.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे धरले, तर मात्र अडचण येते. वर्षभरात आपली जागा २ मीटरने बदलते. तारे ६० मीटरवर असते, तर सहा महिन्यांत ते सुमारे २ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चार चंद्रांएवढे सरकलेले दिसले असते. असे सरकणे कोणालाच दिसले नव्हते. मग एक तर पृथ्वी स्थिर असली पाहिजे, नाही तर तारे कल्पनेपलीकडे दूर असले पाहिजेत.

अंतर कसे मोजले?

दुसरी शक्यता खरी ठरली. फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचे सूक्ष्म सरकणे मोजले. यालाच पराशय म्हणतात. सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमाचे सरकणेही नुसत्या डोळ्यांना कळणाऱ्या किमान कोनाच्या चाळिसाव्या भागाएवढेच असते. म्हणूनच ते ओळखायला अचूक दुर्बिणींची वाट पाहावी लागली.

वाशिमहून काय दिसते?

प्रॉक्झिमा अतिशय मंद असल्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. त्याचा तेजस्वी सोबती मित्र (अल्फा सेंटॉरी) मात्र दिसतो. मे महिन्याच्या मध्यास रात्री अकराच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ९ अंश वर असतो. हात लांब करून धरलेल्या मुठीची उंची साधारण तेवढीच असते. त्यासाठी दक्षिण बाजू झाडे आणि घरांपासून मोकळी हवी.