हरकती आणि सूचना

गावाचा इतिहास लिहिण्यास बसलेला लेखक बहुधा किल्ले, लढाया आणि उपासनामंदिरे यांपासून प्रारंभ करतो. मीरा-भाईंदर परिसराविषयी लिहिताना आम्हीही एरवी तेच केले असते. घोडबंदरचा किल्ला, १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याने घेतलेला धारावीचा किल्ला, डोंगरी-उत्तनची पोर्तुगीज काळातील चर्चे, खाडीकाठची मिठागरे असे सारे काही येथे आहे. परंतु गेल्या चाळीस वर्षांत या भूमीचे रूप पालटले ते कोणत्याही लढाईने नव्हे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेल्या आणि ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ या वाक्याने संपणाऱ्या जाहीर नोटिसांनी ते पालटले. या वाक्याचा इतिहास आमच्या लोकांनी क्वचितच लक्षपूर्वक वाचला आहे. म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न.

प्रथम ग्रामपंचायतींच्या काळाकडे वळू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ अन्वये गावात घर बांधावयाचे तर पंचायतीची पूर्वपरवानगी आवश्यक होती. शेतजमिनीवर बांधकाम करावयाचे असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडून जमीन बिनशेती करून घ्यावी लागे. कागदोपत्री व्यवस्था एवढीच. प्रत्यक्षात मात्र तिच्यामागे गावकीची नजर असे. अर्ज आला की पंच जागेवर जात. बैलगाडीची वाट अडते काय, शेजाऱ्याच्या अंगणात पागोळ्या पडतात काय, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने खाजणात उतरते, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक असे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. तीत मानापमान होते, भावकीची भांडणे होती, दुबळ्याच्या अर्जाला लागणारा विलंबही होता. तथापि निर्णय घेणारा आणि निर्णय भोगणारा हे दोघे एकाच विहिरीचे पाणी पीत. चुकीचा निर्णय देणाऱ्या पंचाला दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जावे लागे.

याचा अर्थ जमिनीचे सर्व निर्णय पूर्वी गावातच होत असत, असा मात्र नाही. १८७० साली इंग्रज सरकारने भाईंदर, मीरा व घोडबंदर या गावांसंबंधी ९९९ वर्षांच्या मुदतीचा करार करून दिला. त्यातून निघालेले हक्कांचे वाद पुढे सव्वाशे वर्षांनंतरही न्यायालयांत गाजत राहिले. त्या करारापूर्वी शेतकऱ्याला कोणी विचारले असेल, असे त्या काळच्या राज्यकारभाराकडे पाहता वाटत नाही. न विचारता घेतलेला निर्णय किती पिढ्या छळतो, याचे हे आपल्या दारातले उदाहरण.

लोकांना विचारावे, ही कल्पना कायद्यात हळूहळू आली. इंग्लंडमध्ये १९०९ साली नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्या धर्तीवर मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना अधिनियम आला, १९५४ साली त्याची जागा नव्या अधिनियमाने घेतली आणि पुढे १९६६ साली महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. दरम्यान पॅट्रिक गेडीस हे स्कॉटिश विचारवंत १९१४ साली हिंदुस्थानात आले. १९१९ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या नव्या विभागाची धुरा वाहिली. त्यांची शिकवण साधी होती. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गाव पायी हिंडून, लोकांशी बोलून समजून घेतल्यावाचून त्याची योजना आखू नये. मोडण्यापूर्वी काय राखता येईल हे पाहावे.

१९६६ च्या अधिनियमात या शिकवणीची छाया दिसते. कलम २५ प्रमाणे प्रथम विद्यमान भूवापराचे सर्वेक्षण करून तसा नकाशा तयार करावयाचा. कलम २६ प्रमाणे विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध करून जनतेकडून हरकती व सूचना मागवावयाच्या. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीने अर्जदारांचे म्हणणे ऐकावयाचे. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सोबत शासनाच्या वतीने नेमलेले जाणकार असतात. कलम ३१ प्रमाणे शासन मंजुरी देते. मोठे फेरबदल करावयाचे असल्यास त्यांवर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. कलम ३८ प्रमाणे निदान वीस वर्षांतून एकदा योजनेची उजळणी करावयाची. शाळा, दवाखाना, उद्यान, स्मशानभूमी, दफनभूमी, बाजार, रस्ता या सर्वांची आरक्षणे या एका प्रक्रियेतून ठरतात. ज्याच्या सात-बाऱ्यावरील जमिनीवर रंगीत रेघ पडते, त्याला ती हटविण्याची विनंती करण्याची प्रमुख संधीही येथेच मिळते.

आता आपल्या परिसरात काय घडले ते पाहू. १२ जून १९८५ रोजी भाईंदर, नवघर, मीरा, काशी आणि घोडबंदर या ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद स्थापन झाली. १९९० साली राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वरसावे या ग्रामपंचायती तिला जोडण्यात आल्या. शहराची विकास योजना मंजूर झाली ती मे १९९७ मध्ये, आणि तिच्यातून वगळलेल्या भागाला मंजुरी मिळाली ती २००० साली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. म्हणजे नगर जन्मल्यानंतर त्याची योजना लागू होण्यास बारा वर्षे गेली. ही बारा वर्षे बांधकाम थांबले नव्हते. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २००१ साली पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ साली आठ लाख नऊ हजारांवर गेली. मुंबईत घर न परवडणारा कारकून, गिरणी बंद पडलेला कामगार आणि परप्रांतातून पोटासाठी आलेला मजूर लोकलने भाईंदरला उतरला. इमारती आधी उभ्या राहिल्या, नकाशा नंतर आला. आणि नकाशाने पुष्कळ ठिकाणी जे उभे होते त्यालाच रंग दिला.

या घाईत सर्वाधिक हानी झाली ती ज्या जागांना मालकाचे नाव नव्हते त्यांची. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकविण्याच्या वलांड्या उभ्या असतात. जाळी विणण्याची, होड्या ओढून ठेवण्याची जागाही तेथेच. कोळी बांधवाच्या लेखी ती त्याची शेती आहे. परक्या माणसाने काढलेल्या नकाशात ती मोकळी वाळू दिसते. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना काढली. २०११ आणि २०१९ साली तिची जागा नव्या अधिसूचनांनी घेतली. किनाऱ्याच्या आराखड्यांवरही लोकांचे म्हणणे मागविले जाते. परंतु सर्वेक्षणाच्या वेळी जे नकाशावर चढले नाही, त्याचे रक्षण करणे पुढे कोणत्याही कायद्याला जड जाते. २००६ च्या सुमारास गोराई-उत्तन पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा धारावी बेटावरील गावे खडबडून जागी झाली. लोकांनी एकजुटीने विरोध केला व तो प्रस्ताव मार्गी लागला नाही. लोक जागे झाले हे चांगलेच झाले. परंतु संकट दारात येईपर्यंत आपण झोपलो होतो, हेही त्याच प्रसंगाने दाखविले.

खाडीपलीकडे वसईत हा धडा आधीच गिरविला गेला होता. १९८८ साली वसईची जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामासाठी खुली करण्याचे धोरण आले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे जनजागृती केली. १९९० साली सिडकोकडे वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सोपविण्यात आले आणि पुढे तिच्या आराखड्यावर हजारो हरकती नोंदविल्या गेल्या. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांच्या मोर्च्यांच्या आठवणी निघतात. परंतु त्या मोर्च्यांमागे बागायतदारांनी सर्व्हे नंबर घालून लिहिलेल्या साध्या अर्जांचे बळ होते, याची आठवण फारशी काढली जात नाही.

१९९७ ची योजना वीस वर्षांची झाल्यावर तिची उजळणी होणे प्राप्त होते. सुधारित प्रारूप प्रसिद्ध झाले ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्यापूर्वी दोन महिने, ऑगस्ट २०२२ मध्ये, महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपून कारभार प्रशासकाकडे गेला होता आणि पुढील निवडणुकीस जानेवारी २०२६ उजाडले. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांच्या कामांची जी बारावी अनुसूची दिली, तिच्या अग्रस्थानी नगरनियोजन आहे. असे असता, वीस वर्षांतून एकदा येणारा हा प्रसंग आला तेव्हा ज्याच्या दाराशी जावे असा नगरसेवकच पदावर नव्हता. त्यामुळे हरकती व सूचनांचे महत्त्व अधिकच वाढले होते आणि त्यासाठी मुदत होती एका महिन्याची.

त्या दिवसांत एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही नकाशाची मोठी प्रत चर्चच्या सभागृहातील मेजावर अंथरली. एक वृद्ध बाई बराच वेळ तीवर वाकून राहिल्या. त्या आपल्या वाडीतील विहीर शोधत होत्या. विहीर नकाशावर नव्हती. “फादर, आमी हितं रावतो ह्ये यांना कोणी सांगितलंच नाय का?” असे त्यांनी विचारले. आम्ही निरुत्तर झालो. कारण सांगण्याचे काम आमचेही होते. त्या सायंकाळी तरुणांनी बसून विहिरी, पायवाटा, क्रूस आणि पाण्याचे ओहोळ यांची यादी केली व ती सूचना म्हणून सादर केली. तिचे पुढे काय होईल ते होवो. निदान विहीर एकदा कागदावर आली.

मेट्रोच्या कारशेडचा प्रसंग याच मालिकेतील. राई, मुर्धे आणि मोर्वा या गावांच्या जमिनीवर कारशेड योजिली गेली, गावकऱ्यांनी हरकती घेतल्या आणि जागा डोंगरीकडे सरकली. मग मार्च २०२५ मध्ये डोंगरीच्या टेकडीवरील हजारो झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर हरकती मागविण्यात आल्या व त्याही मोठ्या संख्येने गेल्या. एका गावाची हरकत यशस्वी झाली की ओझे शेजारच्या गावाच्या डोक्यावर जाते, हा यातील कटू भाग आहे. गावे एकत्र बसून ‘येथे नको’ याबरोबर ‘मग कोठे’ याचाही विचार करीत नाहीत, तोवर असेच चालणार.

येथे आत्मपरीक्षण करणे भाग आहे. जमिनी कोणी बळजबरीने नेल्या असे सर्वत्र झालेले नाही. आम्हीच त्या विकल्या. कोणी मुलीच्या लग्नासाठी विकली, कोणी परदेशी जाण्यासाठी, तर कोणी केवळ शेजाऱ्याने विकली म्हणून. ज्या इमारतींना आम्ही नावे ठेवतो, त्यांच्या पायाखालच्या व्यवहारांवर आमच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या आहेत. आणि त्या इमारतींत राहावयास आलेला माणूस हा शत्रू नव्हे. त्यालाही पाणी, शाळा आणि श्वास घेण्यास मोकळी जागा हवी आहे. नियोजनाचा आग्रह आपण केवळ आपल्या गावठाणापुरता धरला, तर तो आग्रह न राहता मत्सर ठरेल.

जुन्या करारातील नाबोथाची कथा वाचकांना परिचित आहेच. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. त्याने मोबदलाही देऊ केला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला, तेव्हा ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून रीतसर न्यायसभा भरविली. रीत सारी पाळली गेली, फक्त नाबोथाचे म्हणणे कोणी ऐकले नाही. ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवणही हेच सांगते. जे काम लहान समाज स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली प्रतिपादिले; आणि कोणत्याही प्रकल्पाच्या विचारविनिमयात स्थानिक लोकांना विशेष स्थान असावे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले.

आमच्या मते चाळीस वर्षांच्या या इतिहासाचे सार एवढेच आहे: कायद्याने दोन शब्द दिले, आपण एकच वापरला. हरकत घेण्यास आपण शिकलो. सूचना करण्यास शिकलो नाही. हरकत संकट आल्यावर घेता येते. सूचना करावयाची तर आपले गाव आधी आपल्याला ठाऊक असावे लागते. प्रत्येक गावाने आपला नकाशा आपण करून ठेवावा: विहीर, बावखल, वलांड्यांची जागा, पाण्याची वाट, दफनभूमीस लागणारी भावी जागा, आणि नव्या वस्तीसाठी शाळा कोठे हवी तेही. आपली मुले आज अभियंते व वास्तुविशारद होत आहेत. एका पावसाळ्यात त्यांच्या हातून हे काम होण्यासारखे आहे. पुढील नोटीस केव्हा छापली जाईल हे आपल्या हाती नाही. ती छापली जाईल तेव्हा त्या म्हाताऱ्या बाईंची विहीर आपल्या नकाशावर असली पाहिजे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.