पिकअपच्या रंगात आपलं रान



सोयाबीनची रास झाली, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी उरकली आणि मुरूमच्या आमच्या शेडमध्ये जुनी पिकअप रंगवायला काढली. हौद्याच्या कोपऱ्यात पत्र्याला भोकं पडलेली, फाळका खालून कुजलेला. त्यात पासिंग जवळ आलंय. मालवाहू गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की फिटनेस दरवर्षी करावं लागतं.

चूक माझीच. दोन वर्षांखाली गंज नीट न काढता वरून पुट्टी थापली आणि रंग मारला. दिसायला झकास, पण एकाच पावसाळ्यात फोड आले. पुट्टी ओल धरते, खाली गंज चालूच राहतो. आणि आपण हौद्यातून नेतो तरी काय? शेणखत, फुटकी खताची पोती. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं क्लोराईड असतं. एक प्रकारचं मीठच ते. ओल्या पत्र्याला सडायला अजून काय पाहिजे?

या वेळी खरवडत बसलो तेव्हा मनात आलं, हा रंग मुळात येतो कुठून? वाचत गेलो तर उत्तर निघालं, रानातून!

पहिलं पीक जवस. मोटारी निघाल्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखाच तेलाचा रंग देत. त्यात रंगाची पूड धरून ठेवायचं काम जवसाचं तेल करायचं. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्याची साय बनते. म्हणून वेळ लागायचा. एक थर, घासणी, परत थर, असं करत एका गाडीला कित्येक आठवडे जायचे.

दुसरं पीक कापूस. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतं. आधी ते तोफा-बंदुकांच्या दारूत वापरायचे. 1923 साली अमेरिकेत ड्यूपाँटचा ‘ड्यूको’ हा त्याच मालाचा रंग जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर आला. थिनर उडालं की रंग वाळला. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

तिसरं पीक आपलं सोयाबीन. हेन्री फोर्डनं 1930 नंतरच्या दशकात सोयाबीनवर प्रयोग करवून घेतले आणि त्याचं तेल गाड्यांच्या इनॅमलमध्ये वापरलं. आज दुकानात ‘सिंथेटिक इनॅमल’ म्हणून जो डबा मिळतो, तो अल्किड रंग. नाव सिंथेटिक, पण त्यात जवस, सोयाबीन नाहीतर एरंडाच्या तेलाचा अंश असतो. कारखान्यात नव्या गाडीला देतात तो रंग मात्र आता बहुतेक खनिज तेलाचा.

आपल्याकडं 1942 साली, महायुद्धामुळं रंगाची आयात अडलेली असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. तेव्हापासून देशी रंगाचा डबा हळूहळू गावोगाव पोचला.

आता या वेळी काय केलं ते सांगतो. बॅटरी सोडवली. कुजलेला पत्रा कापून टाकला आणि नवा तुकडा वेल्डिंग करून घेतला. भोकावर नुसती पुट्टी भरली नाही. ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चकचकीत होईपर्यंत गंज काढला, थिनरनं पुसला आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर मारला. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की दवानं परत गंजतो. मग बारीक खड्ड्यांपुरती पुट्टी, वॉटर पेपर, पूर्ण वाळू दिलं, परत प्रायमर. शेवटी इनॅमलचे दोन पातळ हात. जाड हात ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. हौद्याच्या खालच्या बाजूलाही रंग दिला, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते.

दोन सूचना. तेलाच्या रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतात. आणि हार्डनर घालायचा पीयू रंग साध्या रुमालावर मारू नका, फुप्फुसाला घातक आहे. तो पेंटरकडंच द्या. रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत विचारा, आरसी बुकात रंगाची नोंद असते. मी आहे तोच पांढरा ठेवला.

येळवशीला हीच गाडी आंबिल-भज्जी घेऊन रानात जाईल. खत उतरवलं की त्याच दिवशी हौदा धुवायचा, एवढं मात्र आता ठरवलंय.

आमच्या आजोबांच्या वेळी हरभऱ्यात जवसाच्या ओळी असायच्या. आता आमच्या शिवारात दिसत नाहीत. सोयाबीन आपण क्विंटलनं घालतो आणि त्याच तेलाचा रंग लिटरनं विकत आणतो. तुमच्याकडं अजून कुणी जवस पेरतं का? पेरत असाल तर वाण कोणता, उतारा किती, आणि घेतं कोण, खाली लिहा.