ईस्टर : नवजीवनाचा सण आणि नाशिकचे शरणपूर

नाताळ सर्वांच्या परिचयाचा असला, तरी ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वांत मोठा सण ईस्टर हाच होय. क्रूसावर मरण पावलेला येशू ख्रिस्त तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, ही श्रद्धा या धर्माचा पाया आहे. साधारणपणे २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी हा सण येतो. ही पौर्णिमा बहुधा फाल्गुनाची किंवा चैत्राची असते. त्यामुळे नाशिकमध्ये अनेकदा काळारामाचा रथोत्सव आणि ईस्टर काही दिवसांच्या अंतराने साजरे होतात.

ईस्टरची तयारी राखेच्या बुधवारी सुरू होते. त्या दिवशी भाविकांच्या कपाळी राख लावली जाते आणि रविवार वगळता ४० दिवसांचा उपवासकाळ आरंभ होतो. उपवास, प्रार्थना व दानधर्म ही त्याची तीन अंगे. झावळ्यांचा रविवार, येशूच्या अखेरच्या भोजनाचे स्मरण करणारा गुरुवार आणि क्रूसावरील मरणाचा शुभ शुक्रवार यांनंतर येते ती शनिवारची रात्र.

कॅथॉलिक चर्चमध्ये या रात्रीचा विधी अंधारात सुरू होतो. बाहेर अग्नी प्रज्वलित करून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवतात. तिच्यावर अल्फा व ओमेगा ही ग्रीक अक्षरे आणि चालू वर्षाचे अंक कोरलेले असतात. कारण पुनरुत्थान केवळ जुन्या काळचे नव्हे, ते याही वर्षाचे आहे. त्या एका ज्योतीवरून सर्वांच्या मेणबत्त्या उजळतात. मग बायबलमधील वाचने होतात. त्यांपैकी एक कधीच वगळले जात नाही : इस्राएल लोक मिसरच्या गुलामगिरीतून सुटून समुद्र पार करतात, तो निर्गमातील प्रसंग.

नाशिकमध्ये हा प्रसंग ऐकताना शरणपूरची आठवण होणे साहजिक आहे. आज शरणपूर रोड म्हणजे दुकाने आणि दवाखान्यांचा गजबजलेला रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने तेथे ख्रिस्ती वसाहत उभारली होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले तेथे आणली जात. त्यांना शिक्षण आणि हातकाम शिकविले जाई. गाव, आईबाप आणि भाषा हरवलेल्या या मुलांसाठी शरणपूर हे नाव शब्दशः खरे होते. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या आफ्रिकेतील मोहिमेत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन निवर्तले, तेव्हा त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि पुढे त्यांचे पार्थिव घेऊन तो इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनप्रसंगी तो उपस्थित होता. ईस्टर होऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

वाचनांनंतर जमलेले सर्वजण आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतात. नूतनीकरणाचा खरा गाभा हाच आहे. नवे कपडे आणि रंगीत अंडी ही त्यापुढची हौस. जन्माने ख्रिस्ती असलेल्याला ही वचने सवयीची वाटू शकतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांच्यासाठी ती तशी नव्हती. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी धर्मांतराची घाई केली नाही. मनातील जातिभेद कसा गळून पडला, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी जितक्या खुलेपणाने सांगितले आहे, तितके ते प्रवचनांत क्वचितच सापडते. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो पतीनंतर सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या निर्णयाने. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पूर्ण केले. १९३६ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ईस्टरच्या पहाटेला विशेष मान आहे, कारण पहाटे कबरेकडे गेलेल्या स्त्रियांनाच ती प्रथम रिकामी आढळली. मराठी मंडळ्यांच्या उपासनांत टिळकांची भजने आजही गायिली जातात. सण मात्र त्या रविवारी संपत नाही. पुनरुत्थानकाळ ५० दिवसांचा, पेन्टेकॉस्टपर्यंतचा आहे. उपवासकाळापेक्षा दहा दिवसांनी मोठा.